कशावरून? १२० कार्डांची एक पेटी आणि आमचा किल्ला

डिसेंबरात कणकवलीच्या पुस्तक प्रदर्शनातून मी ही पेटी ४९९ रुपयांना घेतली. आत चार रंगांची १२० कार्डं आहेत. इतिहासाची विटकरी, विज्ञानाची निळी, निसर्गाची हिरवी आणि शब्दांची पिवळी. पुढे प्रश्न, मागे उत्तर. शिवाय चार कोरी कार्डं, ‘तुमची माहिती इथे लिहा’ असं सांगणारी. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण पुढे चुकाही सांगायच्या आहेत. त्या मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत, उत्तराची वाट बघतेय.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. २६ वर्षं झाली. मुलांच्या प्रॅक्टिकलची मांडामांड करायची, लोलक पुसायचे, दिवे लावायचे, भिंगं मोजून परत कपाटात ठेवायची. त्यामुळे ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असं विचारणारी वस्तू दिसली की माझा हात तिच्याकडे जातोच. पेटी मे महिन्यात माहेरी, विजयदुर्गाजवळच्या गिर्येला नेली. तिथे भावाची दोन मुलं, माझी म्हातारी आई आणि जेवणं झाल्यावर खळ्यात, म्हणजे अंगणात, बसायची जुनी सवय. महिनाभर रोज रात्री आम्ही कार्डं काढली. खाली जे लिहितेय ते या महिनाभराच्या वापरातून.

आधी पिवळ्या कार्डांबद्दल, कारण पेटीतला सगळ्यात कसदार भाग तोच आहे. पहिल्याच रात्री ‘चावी’ निघाली. पोर्तुगीज शब्द, मूळ ‘शावे’. मग ‘साबण’, मग ‘पगार’, मग ‘इस्त्री’. भाचीला एवढं गंमतशीर वाटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घरभर फिरून पोर्तुगिजांचं सामान खळ्यात आणून मांडलं. परात, घमेलं, बालदी, साबणाची वडी, कपाटाची चावी, चार बटाटे, एक पपई आणि मूठभर काजू. आई दारात उभी राहून बघत होती. “म्हणजे परात पण आमची न्हय?” तिने विचारलं. परातीचं मूळ ‘प्रातो’ म्हणजे ताटली. ताटलीची परात व्हायला आमच्याकडची माणसं लागली, असं मी आईला सांगितलं, तेव्हा तिचं समाधान झालं. ‘लिलाव’ही त्यांचाच. विजयदुर्ग बंदरावर मासळीचा लिलाव ऐकत मोठी झालेली मी, मला हे या पेटीने सांगितलं.

पण पेटीचं मोठं उणंही याच कार्डांत दिसतं. ‘तुरुंग’ या कार्डामागे उत्तर एवढंच आहे: ‘पोर्तुगीज, ट्रोंको’. बास. ट्रोंको म्हणजे काय? झाडाचं खोड. कैद्याचे पाय भोकं पाडलेल्या जाड लाकडात अडकवायचे, त्या लाकडाला त्यांनी खोड म्हटलं, आणि मग त्या जागेलाच ते नाव पडलं. आता मराठीत बघा. खोड, आणि पाय अडकवायचा तो खोडा! दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच वाटेने गेल्या. ही खरी थक्क होण्याची जागा, आणि कार्ड ती ओलांडून पुढे गेलं. दोन ओळी जास्त छापल्या असत्या तर काय बिघडलं असतं? कार्डावर जागा आहे, खाली वेलबुट्टी काढली आहे.

हे झाल्यावर धाकट्या भाच्याने नियम काढला. कार्ड वाचणाऱ्याला बाकीच्यांनी ‘कशावरून?’ विचारायचं. सांगता आलं तर कार्ड त्याचं, नाही तर ते परडीत टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी शोधून आणायचं. पेटीबरोबर आलेल्या नियमपत्रिकेत हे नाही. त्यात गुणांचा खेळ आहे, बरोबर उत्तराला ५ गुण, तो आम्ही दोन रात्री खेळलो आणि सोडून दिला. तुम्ही पेटी घेतलीत तर भाच्याच्या नियमाने खेळा.

हिरव्या कार्डांपैकी आमच्याकडे सगळ्यात चाललेलं कार्ड काजूचं. काजूची बी फळाच्या बाहेर लोंबते असं आपण म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती बीच खरं फळ. ज्याला आपण बोंडू म्हणतो तो फुगलेला देठ. मुलांनी लगेच झाडावरून दोन आणून उभे चिरून बघितले. पुढचं वाक्य त्याहून चांगलं: आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. कोकणातल्या माणसाला हे वाचून एकदम लख्ख दिसतं, कारण तिघांचाही चीक अंगावर उठतो. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून आलेले फोड, काजूच्या सालीतल्या तेलाने सोलवटलेली बोटं आणि धोब्यांनी कपड्यांवर खुणा करायला वापरलेला बिब्बा. नातं आपल्या कातडीला आधीपासून ठाऊक होतं. बाकी काजू ब्राझीलकडचा, पोर्तुगिजांनी आणलेला, आणि नावही तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतून आलेलं. आंबा मात्र आपलाच, तो त्यांनी इथून तिकडे नेला. हापूस हे नाव तेवढं त्यांचं, अफोन्सो द अल्बुकर्कच्या अफोन्सोवरून. कार्डात हे नीट, नेमकं दिलं आहे.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं, हे कार्ड अशा सगळ्या पेट्यांत असतंच. भाचीने विचारलं, “आत्या, मग म्हाकुलाला?” म्हाकूल म्हणजे स्क्विड, त्यालाही तीनच. दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, एक बाकीच्या शरीराकडे. आपल्या रक्तात लोह असतं तसं यांच्यात तांबं. दुसऱ्या दिवशी बंदरावरून म्हाकूल आणलं, चिरलं, रक्त निळं काही दिसेना. मुलं हिरमुसली. प्राणवायू बांधलेला असेल तेव्हाच ते रक्त निळं दिसतं, एरवी रंगहीन. हे मीही वाचून मग सांगितलं. कार्डाने ऑक्टोपसऐवजी म्हाकुलाचं चित्र टाकलं असतं तर आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या ते जास्त जवळचं झालं असतं. शार्क झाडांपेक्षा जुने, हे कार्डही तसंच. शार्कचं कूळ ४० कोटी वर्षांच्याही मागे जातं, पहिली झाडं त्यानंतरची. शार्क म्हटलं की मुलांना सिनेमातला दिसतो. ‘अरे, आपण खातो ती मोरी म्हणजे शार्कच!’ म्हटल्यावर भाचा ताटातल्या तुकड्याकडे नुसता बघत राहिला.

आता त्या निळ्या कार्डाकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

कार्ड क्रमांक ७३. प्रश्न: ‘हेलियमचा शोध महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावर लागला?’ मागे उत्तर: ‘विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर यांनी खग्रास ग्रहण बघताना.’

आमचा किल्ला! घरापासून हाकेच्या अंतरावर. आई म्हणाली, “आमच्या किल्ल्याचा नाव आसा मा? मगे पेटी चांगली.” मला तर पहिल्यांदा किल्ल्यावर गेले तो दिवस आठवला. सहावीत होते. बाबांनी बोट धरून साहेबाचे ओटे दाखवले आणि म्हणाले, इथे दुर्बीण लावून साहेबाने सूर्यात नवा वायू शोधला. मी पुढे प्रयोगशाळेत नोकरी धरली त्यात त्या ओट्यांचा वाटा आहे, हे मी मनापासून मानते. कॉलेजात हेलियमची नळी लावताना दरवर्षी नव्या मुलांना ही गोष्ट मी सांगत आले आहे.

भाच्याने नियमाप्रमाणे विचारलं, “कशावरून?” आणि माझ्या तोंडून उत्तर येण्याआधी पुढचा प्रश्न: “आत्या, ऑगस्टात ग्रहण दिसलं कसं? पाऊस नव्हता?”

सूर्यग्रहण अमावस्येला. १८ ऑगस्टची अमावस्या म्हणजे श्रावण संपताना. त्या दिवसांत गिर्येला आभाळ कसं असतं हे त्या पोराला माहीत होतं. दुर्बिणी घेऊन विलायतेहून निघालेला माणूस श्रावणात कोकणच्या किनाऱ्यावर का उतरेल? २६ वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. कार्ड परडीत गेलं.

ते परडीतून बाहेर यायला सहा आठवडे लागले. जूनमध्ये कणकवलीला परतल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात बसले, आमच्या विभागातल्या सरांनी जुने अहवाल संगणकावर शोधून दिले. जे सापडलं ते असं.

१८ ऑगस्ट १८६८चं ग्रहण मोठं होतं. सावली आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून शिरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणवरून पुढे सयाम, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत गेली. सयामच्या मोंगकुट राजाने त्याचं गणित स्वतः मांडलं होतं. ते बघायला तो पाहुण्यांना घेऊन दलदलीच्या मुलुखात गेला, गणित बरोबर निघालं, पण तिथला हिवताप त्याला जडला आणि १ ऑक्टोबरला तो गेला. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, त्या प्रसिद्ध खगोलज्ञ घराण्यातला. गुंटूरला फ्रान्सचा खगोलज्ञ ज्यूल जान्सेन. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा, त्यांनी बघितला, त्यात तेजस्वी रेषा दिसल्या. जान्सेनला त्या इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्याने त्या पुन्हा शोधून दाखवल्या.

आणि लॉकयर? तो तेव्हा लंडनमध्ये होता. युद्धखात्यात कारकून होता तो, आकाश बघणं नोकरी सांभाळून. २० ऑक्टोबर १८६८ला, कुठलंही ग्रहण नसताना, त्याने आपल्या वर्णपटदर्शकातून त्याच ज्वाळांच्या रेषा पकडल्या. त्याचं आणि जान्सेनचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचलं. पुढे फ्रान्स सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

त्या रेषांतली पिवळी रेषा खरी महत्त्वाची. आमटी उतू जाऊन गॅसवर पडली की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते ना, ते मिठातलं सोडियम. प्रयोगशाळेत मी सोडियमचा दिवा लावते तेव्हा तो आधी गुलाबी असतो, काही मिनिटांनी पिवळा होतो, आणि स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोन रेषा चिकटून उभ्या दिसतात, तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. सूर्यातली पिवळी रेषा त्यांच्या शेजारी होती, पण त्यांच्यावर नव्हती. ५८७.६. एवढासा फरक. तो नजरेतून सुटला असता तर ‘सोडियमच आहे’ म्हणून सगळे पुढे गेले असते. लॉकयर अडून बसला की हे पृथ्वीवर न सापडलेलं काहीतरी आहे, आणि ग्रीक ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम हे नाव पडलं. अनेकांना पटलं नाही. १८९५मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली, तेव्हा २७ वर्षांची वाट बघणं संपलं. दरवर्षी मी तो दिवा लावते, मुलांना कोन मोजायला सांगते, आणि ही गोष्ट मला पूर्ण माहीत नव्हती.

मग आमचे ओटे कसले?

हे वाचताना माझे हात थरथरत होते, खोटं सांगत नाही. लॉकयर विजयदुर्गाला आला होता. खरंच आला होता. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या अंकात त्याचा स्वतःचा अहवाल आहे, आणि त्यात ठिकाणाचं नाव लिहिलंय ‘विझियाद्रुग’. पौष संपताना, आभाळ धुतल्यासारखं. ‘मेल्पोमिनी’ नावाची ब्रिटिश युद्धनौका आली होती, तिच्यावरच्या खलाशांना दुर्बिणी आणि कॅमेरे चालवायला शिकवलं, दिवसचे दिवस तालीम करून घेतली. अंधार पडणार होता जेमतेम दोन मिनिटं. त्या वर्षी सावलीखाली आपला केवढा मुलूख आला! सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या मंडळींना घेऊन बसले होते, शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. वऱ्हाडात तळणीला खगोलज्ञ अ‍ॅनी माँडर होती, तिने सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबच लांब झोत आपल्या कॅमेऱ्यात पकडला. एका पुण्याच्या माणसाने १८९८ साली स्वतःची ग्रहणमोहीम चालवली, हे मला शाळेत, कॉलेजात, कुठेच कोणी सांगितलं नाही. या पेटीतही ते नाही.

म्हणजे बाबा चुकले नव्हते, साहेब आला होता. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली, एवढंच. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, मुलं येतात, भाषणं होतात. मला ते बंद व्हायला नको आहे. त्या मुलांना २२ जानेवारीसुद्धा सांगा, एवढीच माझी विनंती आहे.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, “तुझ्या बापाशीन सांगलला ता खोटा काय?” मी खलाशांची तालीम सांगितली, युद्धनौका सांगितली, दोन मिनिटांचा अंधार सांगितला. जहाजाचं नाव तिने दोनदा विचारून घेतलं.

बाकीच्या चुका पटकन सांगते. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असं एक विटकरी कार्ड म्हणतं. दिसत नाही. २००३मध्ये अवकाशात गेलेला चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई याने खुद्द पृथ्वीभोवती फिरतानाही ती आपल्याला दिसली नाही असं सांगितलं, मग चंद्र तर किती लांब. पायाने पीठ मळतात म्हणून ‘पाव’, हेही चूक. तो पोर्तुगीज ‘पांव’, आणि पाव किलोतला पाव निराळा, संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथ्या भागातून आलेला. १२० पैकी आम्हाला नक्की चुकलेली अशी तीन सापडली. हे प्रमाण मला माफ करण्याजोगं वाटतं, पण मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूत एका जाणकाराकडून तपासून घेण्याचा खर्च करायलाच हवा होता.

उलट बाजूला, मुंबईच्या घड्याळाचं कार्ड सुंदर आहे. १९०६पासून देशाची एक वेळ ठरली तरी मुंबई आपल्या वेळेला धरून राहिली, ३९ मिनिटं मागे, थेट १९५५पर्यंत. आणि इथे ‘का’ दिलेलं आहे: देशाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, मुंबई ७३च्या जरा अलीकडे, दर अंशाला ४ मिनिटं, गुणाकार करा. भाचीने वहीत केला, बरोबर आला. सगळी कार्डं अशी असती तर मी ९९९ रुपयेही दिले असते.

वस्तू म्हणून पेटी दणकट आहे. कार्डं जाड, कोपरे गोल, दमट हवेतही वाकली नाहीत, आणि कोकणात मे महिना काढलेल्या कागदाबद्दल हे म्हणणं लहानसहान नाही. अक्षर मोठं आहे, कंदिलाच्या उजेडात आईला चष्म्याने वाचता आलं. पिवळ्या कार्डांवरची पांढरी अक्षरं मात्र रात्री दिसत नाहीत, तो रंग बदला. पेटीचं झाकण सैल आहे, रबर लावावं लागतं. दहा वर्षांच्या वरच्या मुलांना द्या, आणि बरोबर बसायला एक मोठं माणूस असू द्या.

कोऱ्या चार कार्डांपैकी तीन भरली. एकावर भाचीने म्हाकूल काढलंय, तीन हृदयांसकट. एकावर खोड आणि खोडा. तिसरं माझं, निळ्या शाईत: ‘२२ जानेवारी १८९८ रोजी विजयदुर्गावर काय झालं?’ मागची बाजू पुरली नाही म्हणून एक जादा कागद चिकटवलाय. ७३ नंबरचं कार्ड काढून टाकलं नाही, त्याच्या पाठोपाठ हे ठेवलंय. चौथं कोरं कार्ड आईने मागून घेतलंय. त्यावर काय लिहायचं ते ती गणपतीला सगळे जमलो की सांगणार आहे.